साथ, संशय आणि पुरावा: जैविक शस्त्रांविषयीचा दावा कसा तपासावा

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावातून गाठीच्या प्लेगची आणि पाठोपाठ सुरतेतून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या, लाखो माणसे सुरत सोडून निघाली आणि हा रोग कोणीतरी मुद्दाम सोडला असावा, ही कुजबुजही त्याच गाड्यांतून सगळीकडे पोहोचली. प्रत्येक मोठ्या साथीत हे होते. ज्यांना या विषयावर लेख लिहायचा आहे, वर्गात शिकवायचे आहे किंवा व्याख्यान द्यायचे आहे, त्यांनी अशा दाव्याची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे येथे खऱ्या प्रकरणांच्या आधारे मांडले आहे. शस्त्रे कशी बनतात याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. ती बनवली गेली हे कशावरून ठरले आणि बनवणाऱ्यांनी स्वतःला काय सांगितले, एवढ्याशीच आहे.

सर्वप्रथम दाव्याचे क्रियापद पाहावे. ‘जैविक शस्त्र’ या दोन शब्दांखाली चार निरनिराळे आरोप एकत्र बांधलेले असतात: कोणी संशोधन केले, कोणी साठा केला, कोणाकडून चुकून जंतू निसटले, कोणी ते माणसांवर वापरले. प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे आणि प्रत्येकाचा दोषही वेगळा आहे. ‘अमुक देशाकडे प्रयोगशाळा आहे’ येथून सुरू झालेले वाक्य ‘म्हणून ही साथ त्यांनी सोडली’ येथे संपत असेल, तर मधल्या तीन पायऱ्या कोणी चढल्या हे विचारावे. बहुतेक वेळा कोणीच चढलेले नसते.

त्यानंतर कागद शोधावा, आणि शक्यतो कंटाळवाणा कागद. मध्ययुगातील काफा बंदराची गोष्ट बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या पानावर असते: १३४६ साली क्रिमियातील या शहराला वेढा घातलेल्या मंगोल सैन्याने प्लेगने मेलेल्यांची प्रेते तटावरून आत फेकली आणि तेथूनच युरोपात काळा मृत्यू पसरला. ही हकिकत लिहिणारा गाब्रिएले दे मुस्सी हा इटलीतील पिआचेन्झाचा लेखनिक होता आणि तो स्वतः काफात नव्हता. प्रेते फेकली गेली असतीलही. पण व्यापारी जहाजांवरून, उंदीर आणि पिसवांच्या संगतीने प्लेग युरोपात तसाही पोहोचणारच होता. म्हणून ही गोष्ट सांगताना ‘असे लिहून ठेवले आहे’ हे शब्द गाळू नयेत.

याच्या उलट फोर्ट पिटचे प्रकरण पाहावे. १७६३ साली उत्तर अमेरिकेतील या ब्रिटिश किल्ल्याला तेथील मूळ रहिवाशांनी वेढा घातला होता. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याने २४ जूनच्या रोजनिशीत नोंद केली की, बोलणी करायला आलेल्या दूतांना आम्ही देवीच्या इस्पितळातील दोन घोंगड्या आणि एक रुमाल दिला, आणि त्याचा इच्छित परिणाम होईल अशी आशा आहे. सेनापती ॲमहर्स्टची त्याच अर्थाची पत्रे पुढच्या महिन्यातील आहेत, म्हणजे किल्ल्यातील लोकांनी वरून आज्ञा येण्याची वाटही पाहिली नव्हती. परंतु माझ्या मते या सगळ्यात भारी पुरावा आहे तो बिलाचा. इस्पितळातील रुग्णांकडून घेतलेल्या घोंगड्या आणि रुमाल भरून देण्याचा खर्च ट्रेंटच्या पेढीने सरकारकडे लावला, त्यात त्या वस्तू देवीचा रोग पोहोचवण्यासाठी घेतल्या होत्या असे कारण स्पष्ट लिहिले, आणि ते बिल मंजूर झाले. रोजनिशीत माणूस फुशारकी मारू शकतो. पण ज्या खर्चाची परतफेड मागायची आहे त्याचे कारण तो शक्यतो खरे लिहितो. तरीही येथे थांबून दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. हेतू सिद्ध झाला, परिणाम सिद्ध झाला का? त्या भागात देवीची साथ आधीपासूनच होती, त्यामुळे पुढचे किती मृत्यू त्या घोंगड्यांमुळे झाले हे ठरवता येत नाही. नैतिक दोष पूर्ण, परिणाम संदिग्ध, असा निकाल लिहायला कचरू नये.

आधुनिक काळातील प्रकरण तपासण्याचा उत्तम धडा स्वेर्दलोव्स्क येथे मिळतो, आणि तो सावकाश वाचण्याजोगा आहे. एप्रिल १९७९ मध्ये उरल पर्वताजवळील या सोव्हिएत शहरात, ज्याला आज येकातेरिनबुर्ग म्हणतात, माणसे एकाएकी तापाने आजारी पडून काही दिवसांत मरू लागली. रोग काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा होता. गुराढोरांना होणारा हा रोग त्या भागात नवा नव्हता. सोव्हिएत सरकारने सांगितले की, रोगट जनावरांचे मांस चोरून विकले गेले आणि ते खाऊन लोक दगावले. अमेरिकी गुप्तचर खात्याचे म्हणणे असे की, शहरातील ‘कंपाउंड १९’ या लष्करी आवारातून जंतू निसटले. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे खरे ठरण्याची गरज होती, म्हणून तेरा वर्षे वाद तेथेच अडकून राहिला.

हार्वर्ड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांना १९८०च्या दशकात मांसाचा खुलासा पटण्याजोगा वाटला होता. १९८८ साली सोव्हिएत डॉक्टर अमेरिकेत आले आणि त्यांनी तोच खुलासा शास्त्रज्ञांसमोर मांडला, तेव्हाही तो अनेकांना ग्राह्य वाटला. पुढे सोव्हिएत संघ मोडला आणि १९९२ साली राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी, जे १९७९ साली त्याच प्रांताचे पक्षप्रमुख होते, लष्कराकडे बोट दाखवले. मेसेल्सन यांनी त्या कबुलीवर विषय मिटवला नाही. ते आपले पथक घेऊन स्वेर्दलोव्स्कला गेले. हीच गोष्ट उचलण्यासारखी आहे: कबुली हाही एक दावाच आहे आणि तोही तपासावा लागतो.

पथकाला काय मिळाले? रुग्णालयातील कागदपत्रे केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याने, उचलून नेलेली होती. परंतु फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या रोगनिदानतज्ज्ञांनी शवविच्छेदनातील ऊतींचे नमुने आणि टिपणे त्या सगळ्या वर्षांत आपल्याजवळ सांभाळून ठेवली होती. मांस खाऊन झालेल्या काळपुळीत मुख्य घाव आतड्याच्या बाजूने दिसायला हवा. या नमुन्यांत तो छातीच्या मधल्या भागातील लसिकाग्रंथींत होता, म्हणजे जंतू श्वासावाटे आत गेले होते. दुसरीकडे समाजशास्त्रज्ञ जीन गिलमिन घरोघरी जाऊन मृतांच्या नातेवाइकांना भेटल्या. भरपाईसाठी केलेली मृतांची यादी आणि दफनभूमीतील शिळांवरची नावे त्यांनी ताडून पाहिली, आणि प्रत्येक घरात विचारले की, हा माणूस एप्रिलच्या पहिल्या दिवसांत कोठे राहत होता आणि दिवसा कोठे कामाला होता.

मग नकाशा काढला. घरांचे ठिपके मांडले तेव्हा ते विखुरलेले दिसले. दिवसा माणूस कोठे होता ते ठिपके मांडले, तेव्हा बहुतेक सगळे कंपाउंड १९पासून दक्षिणेकडे जाणाऱ्या सुमारे चार किलोमीटरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊन बसले. त्याच पट्ट्यात सिरॅमिकचा कारखाना होता. पट्ट्याबाहेर राहणारे काही राखीव सैनिक दगावले होते. ते त्या आठवड्यात पट्ट्यातील लष्करी आवारात दिवसाच्या प्रशिक्षणाला येत होते. तीच रेषा पुढे ओढली, तर जनावरे मेलेली सहा गावे, सुमारे ५० किलोमीटरपर्यंत, तिच्यावरच पडत होती. हवामानाच्या नोंदींत वारा या रेषेला धरून वाहिला तो दिवस सापडला, सोमवार, २ एप्रिल १९७९. किमान ६६ माणसे मेली होती. मांस वाऱ्याच्या दिशेने विकले जात नाही. हा अहवाल नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला.

या प्रकरणातून एक कार्यपद्धती हाती लागते: शरीर काय सांगते, नकाशा काय सांगतो, कागद काय सांगतो, आणि हे तिघे एकमेकांना न भेटता तेच सांगतात का. जंतू नेमके कोणाच्या चुकीने बाहेर पडले याविषयी फिल्टर बसवायचा राहिल्याची एक कथा प्रसिद्ध आहे. ती सोव्हिएत कार्यक्रमातून १९९२ साली बाहेर पडलेल्या केन अलिबेक यांनी सांगितली, पण ते त्या दिवशी तेथे नव्हते. ती सांगायला हरकत नाही, मात्र ऐकीव म्हणून सांगावी. त्याच वाक्यात ६६ मृत्यू आणि फिल्टर यांना शेजारी बसवू नये. दोघांची पत वेगळी आहे.

आता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून निर्णय देण्याची सवय सोडावी लागते, आणि ही पायरी सर्वांत अवघड आहे. डिसेंबर १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने खबारोव्स्क येथे १२ जपानी लष्करी माणसांवर खटला चालवला आणि मांचुरियातील, म्हणजे तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या ईशान्य चीनमधील, ‘युनिट ७३१’मध्ये जिवंत माणसांवर प्लेग, काळपुळी आणि इतर रोगांचे प्रयोग झाले, असे जगाला सांगितले. पाश्चात्त्य देशांनी हा प्रचार म्हणून झटकून टाकला. आरोप मुळात खरे होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ साली, सोव्हिएत संघ, चीन आणि उत्तर कोरिया यांनी आरोप केला की, अमेरिका कोरियाच्या युद्धात रोगट कीटक टाकत आहे. जोसेफ नीडहॅम यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाच्या आयोगाने तो उचलून धरला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांच्या नकलांनुसार मात्र तो पुरावा बनावट होता. एकच वक्ता, तीन वर्षांचे अंतर, एकदा खरा आणि एकदा खोटा. दुसऱ्या बाजूलाही पाहावे: १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी लाओस आणि कंबोडियात ‘पिवळा पाऊस’ पाडून सोव्हिएत मित्रसेना विष वापरत असल्याचे जाहीर केले. पानांवरचे ते पिवळे ठिपके तपासले, तेव्हा त्यांत परागकण निघाले; ती मधमाश्यांच्या थव्यांची विष्ठा होती, हे दाखवणाऱ्यांत मेसेल्सनच पुढे होते. म्हणजे तोच माणूस मधमाश्यांबाबत बरोबर होता आणि स्वेर्दलोव्स्कबाबत आधी चुकला होता. आपला आवडता तज्ज्ञ निवडून त्याच्यावर विसंबण्याची सोय हा विषय देत नाही.

कायद्याचा भाग वाचताना बारकाईने वाचावा, कारण येथे अर्धवट माहितीने बरेच लेख बिघडलेले दिसतात. १७ जून १९२५चा जिनिव्हा करार युद्धात रासायनिक आणि जंतुशस्त्रे वापरण्यास मनाई करतो. बनवण्यास आणि साठवण्यास करत नाही. अनेक देशांनी सही करताना ‘आमच्यावर कोणी वापरली तर आम्ही बांधलेले नाही’ अशी अट जोडली, त्यामुळे तो प्रत्यक्षात ‘प्रथम वापर नको’ एवढ्यावर आला. जपानने सही केली, पण पुष्टी १९७० साली दिली; अमेरिकेने १९७५ साली. बनवणे आणि साठवणे यांवर बंदी आणणारा करार १० एप्रिल १९७२ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून लागू झाला. भारताने त्याला १९७४ साली पुष्टी दिली. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९६९ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेचा जैविक शस्त्रांचा आक्रमक कार्यक्रम स्वतःहून बंद केल्याची घोषणा केली होती.

१९७२च्या कराराचे पहिले कलम दोनदा वाचावे. ते कोणत्याही जंतूवर बंदी घालत नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा इतर शांततामय कामासाठी ज्याचे समर्थन करता येत नाही असे प्रकार आणि असे प्रमाण बाळगण्यावर ते बंदी घालते. असे का करावे लागले, हे मुंबईकराला समजावून सांगणे सोपे आहे. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यासाठी त्यांना प्लेगचे जंतू वाढवावेच लागले. चाळीसएक वर्षांनी हार्बिनजवळच्या पिंगफांग येथे, युनिट ७३१च्या आवारातही, तेच जंतू वाढवले जात होते. बाटलीतल्या जंतूवरून दोन्ही ठिकाणे वेगळी ओळखता आली नसती. म्हणून कायदा हेतूवर उभा आहे, आणि हेतू तपासण्यासाठी यंत्रणा लागते. ती या कराराला नाही. पडताळणीच्या मसुद्यावर १९९५ पासून चाललेली बोलणी २००१ साली अमेरिकेने पाठिंबा काढल्यावर कोसळली. सोव्हिएत संघ स्वतः या कराराचा एक अभिरक्षक देश, म्हणजे त्याची मूळ प्रत आणि पुष्टीपत्रे सांभाळणारा देश, होता, आणि करार झाल्यानंतरच्याच वर्षांत त्याने ‘बायोप्रेपराट’ हे जैविक शस्त्रांवर काम करणाऱ्या संस्थांचे प्रचंड जाळे नागरी औषधसंशोधनाच्या नावाखाली उभारले.

नीतीचा विचार वेगळ्या प्रकरणात, शेवटी, दोन परिच्छेदांत उरकण्याची पद्धत मला पटत नाही. तो प्रत्येक हकिकतीत, माणसापाशी थांबून करावा. युनिट ७३१चा प्रमुख शिरो इशी हा डॉक्टर होता. तेथील कैद्यांना ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके, असे म्हटले जाई. आसपासच्या लोकांना हा लाकडाचा कारखाना आहे असे सांगितले गेले होते. बळींचा आकडा लिहिताना तो कोणी दिला हे लिहावे: पिंगफांग येथे किमान ३,००० माणसे मारली गेली, ही खबारोव्स्कच्या खटल्यातील साक्ष आहे. परंतु विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा खरा कठीण प्रश्न १९४५ नंतरचा आहे. अमेरिकेने इशी आणि त्याच्या सहकाऱ्यांवर खटले भरले नाहीत. बदल्यात त्यांच्या प्रयोगांची माहिती घेतली. १९४७ सालच्या एका अमेरिकी अहवालात असा आशय आहे की, माणसांवरील प्रयोगांविषयीच्या संकोचामुळे ही माहिती आपल्या प्रयोगशाळांत मिळवता आली नसती, आणि मूळ संशोधनाच्या खर्चाच्या मानाने ती फारच स्वस्तात मिळाली. हे लिहिणाऱ्याने कोणालाही सुई टोचली नव्हती. त्याने फक्त हिशेब मांडला होता, फोर्ट पिटच्या बिलासारखाच. वर्गात हा उतारा वाचून दाखवावा आणि मग गप्प बसावे. चर्चा आपोआप होते. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २००२ मध्ये जपानी सैन्याने चीनमध्ये जंतुशस्त्रे वापरल्याचे मान्य केले, भरपाई मात्र नाकारली.

अब्रामोवा आणि ग्रिनबर्ग यांनी नमुने सांभाळले, हेही याच खात्यात लिहावे. त्यांनी आंदोलन केले नाही. काही काचपट्ट्या आणि बरण्या फेकून दिल्या नाहीत.

आपल्याकडचे प्रकरण तपासायचे झाले, तर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे घ्यावे. १९६०च्या दशकात सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने स्थलांतरित पक्ष्यांना वाळी घालण्याचे मोठे काम केले. ॲल्युमिनियमच्या त्या इवल्याशा वाळ्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची सूचना कोरलेली असे. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडीही गोळा केल्या जात, आणि त्याला कारण होते: १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडताप आढळला होता, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू ओळखला होता, आणि त्याचे सायबेरियातील एका रोगाच्या विषाणूशी जवळचे नाते दिसत होते. तो पक्ष्यांबरोबर आला का, हा रास्त प्रश्न होता. (तोच माकडताप आज सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी तालुक्यांत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे.) परंतु या कामाचा पैसा काही काळ अमेरिकी सैन्याच्या एका संशोधन कार्यक्रमाकडून आला. १९७४ साली एका वृत्तसंस्थेने आणि १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने हा प्रकल्प आणि दिल्लीतील डासांवरील एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प यांवर जैविक युद्धाच्या दृष्टीने प्रश्नचिन्ह लावले; डासांचा प्रकल्प बंदही झाला.

या लेखात सांगितलेला क्रम येथे लावून पाहावा. क्रियापद कोणते? ‘शस्त्र बनवले’ असा पुरावा पुढे आला नाही. ‘कोणता पक्षी कोणता विषाणू कोठे नेतो याची माहिती परक्या सैन्याच्या पैशातून गोळा झाली’ हे खरे आहे, आणि खासदारांनी ते विचारले यात गैर काही नव्हते. पक्षिमित्रांना हा आरोप आजही बोचतो, हे मी जाणतो. पण संस्थेची निष्ठा आणि निधी देणाऱ्याचा हेतू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर लावता येत नाही.

शेवटचे काम लिहिताना काय गाळायचे ते ठरवण्याचे. १९८४ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात द डॅल्स या गावी ७५१ माणसांना अन्नातून विषबाधा झाली. उपाहारगृहांतील कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेमुळे हे झाले, असा आरोग्य खात्याचा पहिला निष्कर्ष होता. पुण्यातून तेथे गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातील काही जणांनी स्थानिक निवडणुकीत मतदारांना घरी बसवण्यासाठी हे मुद्दाम घडवल्याचे पुढच्या वर्षी उघड झाले, आणि तेही आश्रमातले भांडण चव्हाट्यावर आल्यामुळे. तपास करणाऱ्या साथरोगतज्ज्ञांनी आपला शोधनिबंध मात्र १९९७ पर्यंत छापला नाही, कारण वाचून कोणी अनुकरण करील अशी भीती होती. संशोधकाने बारा वर्षे छापण्याचा मोह आवरणे ही सोपी गोष्ट नाही. तेव्हा आपल्या मसुद्यावरून शेवटचा हात फिरवताना प्रत्येक तांत्रिक तपशिलापाशी थांबावे. कोणी केले, कोणाला झाले, कसे कळले आणि कोणी लपवले, हे राहू द्यावे. कसे केले यासंबंधी जे वाक्य काढल्यावर निष्कर्षाला धक्का लागत नाही, ते काढावे. आणि एखाद्या जिवंत माणसावर संशयाचे वाक्य असेल, तर २००१ सालच्या अमेरिकेतील अँथ्रॅक्सच्या पत्रांची आठवण ठेवावी: पाच माणसे मेली, तपास अनेक वर्षे रेंगाळला, आणि मधल्या काळात वर्तमानपत्रांनी ज्याचे नाव घरोघरी पोहोचवले त्या शास्त्रज्ञाला सरकारला अखेर लाखो डॉलरची भरपाई द्यावी लागली.